दोन पानी नोटेचं तिसरं पान

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारपेठेत, एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत शेअर ब्रोकरची शाखा आहे. येणारी माणसं ठरलेली: 2012 मध्ये खाणी बंद पडल्यावर ट्रक विकलेले मालक, निवृत्त शिक्षक, मोपा विमानतळात जमीन जाऊन मोबदला मिळालेले पेडण्याचे शेतकरी. सगळ्यांचा प्रश्न एकच, पैसे कुठल्या फंडात घालू? आतल्या खोलीतली तरुण रिसर्च ॲनालिस्ट त्याचं उत्तर कागदावर मांडते. ते काम कसं चालतं हे बघायला मी तिच्या टेबलाशी बसलो.

नोट एका फ्लेक्सीकॅप फंडावर होती. फॅक्टशीट, खर्चाचं प्रमाण, रिस्कोमीटर आणि बेंचमार्कशी तुलना एवढं उरकायला दुपार झाली. मसुद्यातल्या ‘गेल्या वर्षी दमदार परतावा’ या ओळीवर तिने स्वतःच काट मारली. तिथे एक, तीन, पाच वर्षांचे आणि सुरुवातीपासूनचे आकडे आले, शेजारी बेंचमार्कचे. एकच चांगलं वर्ष दाखवणं म्हणजे गिऱ्हाइकाला भुलवणं, असं तिचं म्हणणं.

उरलेला दिवस तिसऱ्या, प्रकटीकरणाच्या पानाने खाल्ला. फंडाची युनिट्सही कायद्याच्या भाषेत सिक्युरिटीजच. त्यामुळे त्यांच्याबद्दल गुंतवणुकीच्या निर्णयाला आधार ठरेल असं लेखी मत दिलं, की सेबीचे 2014 चे रिसर्च ॲनालिस्ट नियम लागू होतात. बाजाराच्या सर्वसाधारण कलावरची टिपणी त्यातून सुटते, ‘हा फंड घ्या’ सुटत नाही. म्हणून त्या पानावर ‘आयएनएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक येतो. मग हितसंबंध येतात: तिचे स्वतःचे, नातेवाइकांचे, ब्रोकर कंपनीचे, गेल्या बारा महिन्यांत संबंधित फंडाच्या कंपनीकडून काही मोबदला मिळाला का, तेही.

इथे खरी गोम आहे. हीच शाखा फंड विकतेही. रेग्युलर प्लॅनमधून वितरकाला दर वर्षी कमिशन मिळतं आणि ते गुंतवणूकदाराच्याच पैशांतून, फंडाच्या खर्चातून जातं. जानेवारी 2013 पासून मिळणाऱ्या डायरेक्ट प्लॅनमध्ये ते नसतं. म्हणजे शिफारस करणारा आणि विकणारा एकाच छताखाली. ते झाकू नका, असं कायदा बजावतो.

तिच्यावरही बंधनं आहेत. ज्याची शिफारस करायची त्यात नोट निघण्याआधी तीस दिवस आणि नंतर पाच दिवस तिने व्यवहार करायचा नाही. पगार वा बोनस एखाद्या ठरावीक ब्रोकरेज व्यवहाराला बांधलेला चालत नाही. नोटेमागचे कागद पाच वर्षं जपायचे.

संध्याकाळी एक ट्रकमालक आत डोकावले. “बाय, लिहून झालंय ना? मग मला आताच सांगून टाक.”

“काका, उद्या सगळ्यांना जाईल, तेव्हाच तुम्हालाही मिळेल.”

काका थोडे नाराज झाले. पण ती नियमाला धरून बोलली. नोट ठरावीक गिऱ्हाइकाला किंवा कंपनीच्या ट्रेडिंग टेबलाला आधी दाखवता येत नाही.

अशाच नोटेबाबत अमेरिकेत अडचण वेगळी होती. ब्रोकरने फंडावर लिहिलेला अहवाल विक्रीचा प्रस्ताव ठरण्याची भीती होती. 2017 च्या कायद्यानंतर तिथल्या नियामकाने 2018 मध्ये 139-बी हा नियम करून अटींवर मोकळीक दिली. जुना परतावा ठरलेल्या पद्धतीनेच दाखवायचा, ही त्यातलीच एक अट.

आपल्याकडे नियम पुरेसे कडक आहेत. दुबळा आहे तो वाचणारा. तिसरं पान बारीक टायपात असतं म्हणून कोणी उघडत नाही. फंडाची शिफारस हातात आली, मग ती छापील असो वा व्हॉट्सॲपवर, आधी दोन गोष्टी शोधा: नोंदणी क्रमांक आणि ‘आम्हाला यातून काय मिळतं’ ही ओळ. क्रमांक सेबीच्या यादीत ताडून बघा. दोन्ही नसतील तर पहिली दोन पानं वाचूच नका.