बिदागी द्यावी, भीतीची किंमत देऊ नये



धान चुरून झाले, कापसाचा पहिला वेचा घरात आला, की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत कार्यक्रमांना सुरुवात होते. कुठे मंडई, कुठे सप्ताह, कुठे राष्ट्रसंतांची पुण्यतिथी. वर्गणीची वही घरोघर फिरते आणि पारावर एक वाद हटकून निघतो. एक म्हणतो, "देवाचं नाव सांगाले पैसे कायले पायजेत जी?" दुसरा म्हणतो, "मंग महाराजाले पोट नाही का?" दोघांचेही म्हणणे खरे आहे, म्हणून वाद दरवर्षी अर्धवट राहतो. या प्रश्नाकडे कास्तकाराच्या हिशेबाने पाहिले तर उत्तर सापडते. पैसा कशाचा घेतला, केव्हा घेतला आणि नाही म्हणता येते का, एवढे तीन प्रश्न विचारावेत.

गारपगाऱ्याचे धान्य

आपल्याच भागातले उदाहरण घ्या. नागपूरकडचे जिल्हे आणि वऱ्हाड या मुलखात 'गारपगारी' हे गावकीचे काम होते. आभाळ काळे झाले की गारपगाऱ्याने मारुतीच्या देवळापाशी जाऊन मंत्राने गारा परतवायच्या आणि त्याबद्दल कास्तकारांनी त्याला धान्य द्यायचे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६ सालच्या ग्रंथात याची नोंद आहे. त्याच नोंदीत पुढे असेही आहे की, लोकांचा विश्वास उडत चालला, त्याचे उत्पन्न घटले आणि बरेच कास्तकार काही द्यायला नकार देऊ लागले किंवा सुगीच्या वेळी एखादी पेंढी देऊन मोकळे होऊ लागले.

यासाठी कोणी सभा घेतली नव्हती की कायदा केला नव्हता. शेतकऱ्याने गारा पाहिल्या, पीक पाहिले आणि हिशेब केला. देणे सुगीच्या वेळी होते, म्हणून नकार देणे शक्य झाले. आज हा समाज इतरांसारखाच शेती, मजुरी, नोकरी करतो. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. गावानेच ते काम त्यांच्या गळ्यात घातले होते.

याच्या उलट गोष्ट जोशी वतनाची. मुंबई इलाख्यात गावच्या जोशाचा दक्षिणेवर वंशपरंपरागत हक्क मानला जाई. १८७३ साली महात्मा फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि शेतकरी आपल्या घरची लग्ने पुरोहिताविना लावू लागले. तेव्हा जुन्नर तालुक्यातील ओतूर येथील जोशांनी दावा लावला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. बोलावले नाही तरी दक्षिणा द्या, असे ते मागणे होते. असा हक्क संपवणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२६ साली झाला. ज्याला नाही म्हणता येत नाही तो कर झाला, दक्षिणा नव्हे.

संतांनी काय केले?

तुकोबांनी या बाबतीत फार कडक नियम सांगितला आहे. जिथे कीर्तन करायचे तिथे जेवूसुद्धा नये, बैलाला वैरणही मागू नये आणि पैसा घेणारा व देणारा दोघेही दोषी, असा त्यांच्या अभंगाचा भाव आहे. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे विद्यार्थ्यांनी माधुकरी मागून शिकावे, पण विद्येची फी नाही, ही रीत घातली.

आपल्या वैदर्भीय संतांचेही तेच. गाडगेबाबा (१८७६-१९५६) कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडत. लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण बाबांनी स्वतःसाठी झोपडीसुद्धा बांधली नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा (१९०९-१९६८) संबंध तर आपल्या चिमूर तालुक्याशी जिव्हाळ्याचा. गोंदेडा ही त्यांची तपोभूमी. त्यांनी सुरू केलेल्या सामुदायिक प्रार्थनेला तिकीट नाही, दक्षिणा नाही, पुरोहितही लागत नाही. सतरंजी टाकली की झाले. लग्न साध्या रीतीने लावा, त्यासाठी कर्ज काढू नका, ही त्यांची शिकवण खेड्यापाड्यांत आजही सांगितली जाते.

आदिवासी गावांची रीतही पाहण्यासारखी आहे. भामरागड-एटापल्लीकडे पेरणीआधी बिजा पंडुम होतो. घराघरातून बियाणे येते, गावाचा पेरमा किंवा गायता पूजा करतो, मग पेरणीला हात लागतो. हा पुजारी त्याच गावात शेती करतो. गाव जे जेवते तेच तो जेवतो आणि पाऊस दडी मारला तर त्याचेही धान वाळते. पूजा सांगणारा आणि शेतकरी एकाच नुकसानीत असतात, तिथे फसवणुकीला जागा कमी राहते.

मग काहीच देऊ नये का?

असे म्हणणे नाही. कीर्तनकार दुरून येतो, सोबत मृदंगी, पेटीवाला, टाळकरी असतात. गाडीभाडे आहे, घरी बायको-मुले आहेत. वर्षानुवर्षे केलेला अभ्यास आहे. त्याच्या वेळेचा आणि श्रमाचा मोबदला देणे यात लाज कसली? वडसा-देसाईगंजच्या नाटकांना आपण तिकीट काढून जातोच. दर फलकावर लिहिलेला असतो, परवडले तर जायचे, नाही तर घरी झोपायचे. बिदागीही अशीच आधी सांगितलेली, सर्वांना माहीत असलेली आणि गावाला झेपणारी असावी.

काही जण म्हणतात, फुकटाची किंमत राहत नाही, म्हणून पैसे घ्यावे. कृषी खात्याचा माणूस म्हणून हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. आमचा सल्ला फुकट असतो, म्हणून काही जण तो कानाआड करतात हे खरे. पण दुसरी बाजूही पाहा. काही दुकानांत सल्ला फुकट मिळतो आणि त्याची किंमत औषधाच्या बाटलीत वसूल होते. मग गरज नसताना तिसरी फवारणी होते. काही बाबांचेही तसेच असते. बोलणे फुकट, पण "तुमच्या घराले कोणीतरी केलं आहे" असे हळूच सांगून गंडा, दोरा, उतारा, कोंबडा, बकरा अशी यादी हातात देतात. पहिल्याने गुण आला नाही तर दुसरा, मोठा विधी. यात ज्ञान विकले जात नाही, भीती विकली जाते. आणि भीतीला भाव ठरलेला नसतो. ती मोहफुलाच्या पैशावरून सुरू होते आणि बैलजोडीवर येऊन थांबते.

यात वेळही वाईट साधली जाते. लग्नसराई आणि पेरणीची तयारी दोन्ही उन्हाळ्यातच येतात. तेंदूपत्त्याचा पैसा हातात असतो, तोच बियाणे-खताचा पैसा असतो. तो शांतीत आणि विधीत गेला की मृगात सावकाराचे दार गाठावे लागते. विधी सांगणाऱ्याने मात्र आपले पैसे आधीच घेतलेले असतात. पीक बुडाले तर त्याचे काही बुडत नाही. विमा कंपनीला हप्ता भरला तर निदान पावती मिळते, दावा करता येतो, भांडता येते. उताऱ्याची पावती कोण देतो?

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. या कायद्याने देवपूजा बंद होते ही समजूत चुकीची आहे. पूजाअर्चा, वारी, यात्रा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना तो लागू नाही. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे, पैसा उकळणे, भुताच्या नावाने मारहाण करणे हे मात्र गुन्हे आहेत. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-दोरा करणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

सापाची गोष्ट आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत बांधीत साप निघतो. विषावरचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पुजाऱ्याकडे गेलेले दोन तास मात्र परत मिळत नाहीत. पुजाऱ्याचा मान राखायचा असेल तर त्यालाही गाडीत सोबत घ्या, पण गाडी दवाखान्याकडेच वळवा. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि आशाताई यांनी पावसाळ्याआधी ही गोष्ट प्रत्येक टोल्यावर जाऊन सांगावी.

गावाने काय करावे?

सप्ताहाची वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्यावी. ज्याचे पीक गेले त्याच्याकडे वही नेऊ नये आणि त्याला पंगतीत मागेही बसवू नये. बिदागी किती, मंडपाला किती, जेवणाला किती आणि शिल्लक किती, हे कार्यक्रमानंतर आठ दिवसांत फलकावर लिहावे. जो महाराज आकडा सांगायला संकोचत नाही आणि गरिबाच्या घरीही त्याच तोंडाने जातो, त्याला खुशाल बोलवा व मानाने पाठवा. जो आधी भीती घालतो, गुप्तता मागतो आणि डॉक्टरकडे जाऊ नका म्हणतो, त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

आणि घरात दुखणे, भांडण किंवा नापिकी आली आणि कोणी मोठ्या विधीचा खर्च सांगितला, तर त्याच दिवशी पैसे देऊ नका. घरच्या बाईमाणसाला विचारा, शेजाऱ्याला विचारा, एक रात्र जाऊ द्या. बियाण्याची पिशवी घेताना आपण चार दुकाने फिरतो. बैल घेताना तर दात मोजतो. इथेही तेवढी चौकशी केली तर देव रागावणार नाही.