गर्भावस्थेपासून बोबड्या बोलांपर्यंत

मूल बोलू लागले म्हणजे त्याच्या भाषेस आरंभ झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पहिला सार्थ शब्द वयाच्या सुमारे एका वर्षी उमटतो, आणि तोपर्यंत भाषाग्रहणाचे बरेचसे कार्य श्रवणाच्या द्वारे पार पडलेले असते. हे पूर्वकार्य दृष्टीआड झाल्यास उशिरा बोलणाऱ्या मुलाविषयी चुकीचा निष्कर्ष निघण्याचा संभव असतो. बहुभाषी वस्तीत हा धोका अधिक. नागपुरातील गांधीबाग ही कापडाच्या घाऊक व्यापाराची जुनी पेठ असून तेथे मराठी व हिंदी नित्य कानी पडतात. व्यापारी कुटुंबांतून मारवाडी व गुजरातीही बोलली जाते. अशा ठिकाणी मूल बोलले नाही, की ‘दोन भाषांमुळे ते गोंधळले’ असे कारण सहज सुचते. ते कितपत ग्राह्य आहे, हे पाहावयाचे आहे.

गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत श्रवणेंद्रिय कार्य करू लागलेले असते. मातेच्या शरीरातून व्यंजनांचे सूक्ष्म भेद नीटसे पोहोचत नाहीत. मात्र बोलण्याची लय व चढउतार पोहोचतात. नवजात अर्भक मातेचा आवाज ओळखून तो अधिक पसंत करते, असे डीकॅस्पर व फायफर यांनी १९८० मध्ये दाखविले. गरोदरपणी इंग्रजी व टागालोग या दोन्ही भाषा बोलणाऱ्या मातांची अर्भके दोहोंकडेही लक्ष देतात आणि त्यांतील भेदही जाणतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. द्विभाषिकत्वाची पूर्वतयारी अशा रीतीने जन्मापूर्वीच सुरू होते.

जन्मानंतरचे पहिले वर्ष हे निवडीचे वर्ष होय. वर्कर व टीस यांच्या १९८४ च्या प्रयोगांत इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या अर्भकांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद कळत असे. दहा ते बारा महिन्यांच्या सुमारास ती क्षमता बहुतांशी ओसरलेली दिसली. गांधीबागेतील अर्भकाच्या कानी हा भेद मराठी व हिंदी या दोन्ही भाषांतून पडतो. म्हणून ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतील अंतर त्याच्या ठायी टिकून राहते व दृढ होते.

श्रवण आणि उच्चारण यांचा संबंध येथेच स्पष्ट होतो. ऐकू येणारी मुले सहा-सात महिन्यांच्या सुमारास ‘बाबाबा’, ‘ममम’ अशी अक्षरमाला उच्चारू लागतात. जन्मतः बहिऱ्या मुलांत ही अवस्था पुष्कळ लांबते, असे ओलर व आयलर्स यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले. रडणे, हुंकार देणे मात्र तीही करतात; त्यामुळे घरच्यांस प्रारंभी शंका येत नाही.

या अक्षरमालेस अर्थ प्राप्त करून देण्यात मोठ्यांचाही वाटा असतो. अशोक केळकर यांनी १९६४ मध्ये मराठीतील बालभाषेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बालभाषांची जी तुलना केली, तीत मराठीचा समावेश होता. मम्मं, भूभू, बाऊ, जोजो हे शब्द पाहिले असता सोपी व्यंजने आणि पुनरुक्त अक्षरे यांचे प्राबल्य दिसते. मुलाच्या मुखी आधीच असलेले ध्वनी उचलून मोठी माणसे त्यांना घास, कुत्रा, दुखापत, झोप असे अर्थ जोडतात.

या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. दोन भाषा ऐकणारे मूल बोलण्याचे मुख्य टप्पे साधारणतः एकभाषी मुलाच्याच वयात गाठते. प्रत्येक भाषेतील त्याचा शब्दसंग्रह काहीसा लहान असू शकतो. दोन्ही मिळून पाहता ते मागे नसते. सबब बोलण्यातील लक्षणीय विलंबाचे खापर घरच्या भाषांवर फोडून त्यांपैकी एक बंद करणे शास्त्रास धरून नाही. प्रथम श्रवणाची तपासणी व्हावयास हवी. ती जन्मानंतर एका महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपाययोजना सहा महिन्यांच्या आत व्हावी, असा संकेत आता सर्वमान्य आहे. श्रवणयंत्र असो वा खुणांची भाषा, लवकर मिळालेले साधन मुलास भाषेपर्यंत पोहोचविते. ‘बोलेल हळूहळू’ म्हणून घालविलेले महिने मात्र सहजी भरून निघत नाहीत.