पिरंगुटचं घड्याळ माणगावच्या पुढे धावतं

एक अतिशय अचूक घड्याळ पिरंगुटला ठेवा. तसंच दुसरं घेऊन पौड, मुळशी करत ताम्हिणी घाट उतरा आणि ते माणगावात ठेवा. वर्षभरानं दोन्ही जुळवून पाहिली, तर पिरंगुटचं घड्याळ पुढे गेलेलं असेल. किती पुढे? सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतले साधारण दोन भाग. बिघाड कुठल्याच घड्याळात नाही. पिरंगुट माणगावपेक्षा सुमारे साडेपाचशे-सहाशे मीटर उंचावर आहे, आणि पृथ्वीच्या केंद्रापासून जितकं दूर जावं तितका काळच जरा भरभर चालतो. आइन्स्टाइननं हे कागदावर मांडलं. 2022 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अणुघड्याळांच्या तंत्रानं अवघ्या एका मिलिमीटरच्या उंचीतला हा फरक मोजून दाखवला.

हे आत्ता आठवलं, कारण आमच्या पिरंगुटातल्या वाचणाऱ्या मित्रमंडळींत सध्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा या हातातून त्या हातात जाताहेत. 20 मे 2025 रोजी नारळीकर गेले आणि अनेकांनी कपाटातली त्यांची पुस्तकं पुन्हा बाहेर काढली. ती वाचताना एक गोष्ट लख्ख दिसते. या कथांमध्ये कल्पनेनं घेतलेली झेप मोठी आहेच, पण ती ज्या खऱ्या विज्ञानावरून घेतली आहे ते विज्ञान त्याहून थक्क करणारं आहे. म्हणून पुढच्या तीन कथा सुचवताना प्रत्येकीच्या पोटातलं खरं आश्चर्यही सांगतो.

पहिली ‘कृष्णविवर’. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि त्यांचं नाव सर्वतोमुखी होतं. परीक्षकांनी नाव पाहून नव्हे, तर कथा पाहून निकाल द्यावा, म्हणून त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरं उलट्या क्रमानं लावली आणि ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा धाडली. अक्षर ओळखू येऊ नये यासाठी पत्नी मंगलाताईंनी ती आपल्या हातानं लिहून काढली. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं!

आता कृष्णविवराची करामत पाहा. उंचीनुसार काळ बदलतो हे पिरंगुट-माणगावात दिसलं, पण पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण दुबळं असल्यामुळे फरक नखाएवढाही नाही. सूर्याचं सगळं वस्तुमान दाबून तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोंबलं, तर त्याचं कृष्णविवर होईल. पृथ्वीला त्यासाठी नऊ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळीएवढं व्हावं लागेल. अशा विवराच्या सीमेपासून, तिच्या त्रिज्येच्या एक तृतीयांश अंतरावर एखादं यान स्थिर तरंगत ठेवता आलं, तर यानातल्या माणसाचं एक वर्ष होईपर्यंत दूरच्या जगात दोन वर्षं उलटतील. सीमेच्या आणखी जवळ सरकलं की दहा, शंभर, हजार. धाकटा भाऊ थोरल्याहून थोरला होऊ शकतो, आणि गणितात कुठेही चूक नसते. हे सगळं दूर अवकाशातलं म्हणून सोडून देऊ नका. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं गुरुत्वाकर्षण आणि वेग या दोन्हींचा हिशेब धरून जमिनीवरच्या घड्याळांपुढे रोज सुमारे 38 मायक्रोसेकंद धावतात. ती दुरुस्ती केली नाही, तर फोनमधल्या नकाशाची चूक दिवसाला दहा-अकरा किलोमीटरनं वाढत जाईल. म्हणजे पिरंगुटला घरी बसलेला माणूस दुसऱ्याच दिवशी नकाशावर भलत्याच गावात दिसू लागेल.

दुसरी कथा ‘उजव्या सोंडेचा गणपती’. उजव्या हातानं गोलंदाजी करणारा प्रमोद रांगणेकर एका सामन्यात डाव्या हातानं चेंडू टाकू लागतो, आणि कथेला सुरुवात होते. डाव्याचं उजवं व्हावं कसं? कागदाची एक लांब पट्टी घ्या, तिला एकदाच अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. ही मोबियसची पट्टी. कागद पारदर्शक आहे असं समजा आणि त्यावर डाव्या पंजाचं चित्र न उचलता सरकवत न्या. पूर्ण फेरी मारून ते मूळ जागी येतं तेव्हा उजवा पंजा झालेलं असतं! सपाट पट्टीवर हे कधीच जमत नाही, पट्टी तिसऱ्या मितीतून पिळल्यामुळे जमतं. मग आपलं त्रिमित अवकाशच कुठे असं पिळलेलं असेल तर? एच. जी. वेल्सनंही 1896 सालच्या एका कथेत चौथ्या मितीतून आरशातल्यासारखा उलटून परतलेला माणूस रंगवला होता.

असा उलटा माणूस जगेल का, हा प्रश्न मला कथेपलीकडे घेऊन गेला. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची बनलेली आहेत, साखरेचे रेणू उजव्या घडणीचे. उलट्या माणसाला आपली भाजी-भाकरी पचणार नाही, पोट भरूनही तो उपाशी राहील. रेणूंचं हे डावं-उजवं नाकालाही कळतं. पुदिन्यात कार्व्होन नावाचं द्रव्य असतं आणि कॅरवे या मसाल्याच्या बियांतही तेच असतं. अणू तेच, जोडणी तीच, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं रूप, आणि वास मात्र साफ निराळे. जीवसृष्टीनं एकच बाजू का निवडली, याचं उत्तर विज्ञान अजून शोधतं आहे.

तिसरी, माझी सर्वांत लाडकी, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. पुण्याचे इतिहासकार गंगाधरपंत गायतोंडे जिजामाता एक्स्प्रेसनं मुंबईला जातात आणि पाहतात तर तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून राज्य करते आहे. ग्रंथालयात ते स्वतःच लिहिलेला इतिहास उघडतात. पाचव्या खंडात पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं! 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून गेलेली असते. एवढ्या एका गोळीनं हिंदुस्थानचा सगळा इतिहास वेगळ्या वाटेला लागतो. पंत त्या जगातून पुरावा म्हणून काय आणतात, ते मी सांगणार नाही. ही कथा इंग्रजीत एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पुस्तकातही आहे, तेव्हा घरातल्या अकरावीवाल्याला जरूर विचारा.

हिच्या मुळाशी पुंजभौतिकी आहे. इलेक्ट्रॉन कुठे सापडेल हे आधी नेमकं सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येते. 1957 साली ह्यू एव्हरेट या तरुण शास्त्रज्ञानं धाडसी अर्थ लावला: सगळ्या शक्यता खऱ्या होतात, प्रत्येक आपापल्या जगात. हा अर्थ सिद्ध झालेला नाही, पण भौतिकशास्त्रज्ञ आजही त्यावर गांभीर्यानं वाद घालतात. आणि कॉमिक्सच्या वाचकांसाठी खास गोष्ट. चारच वर्षांनी, 1961 मध्ये, गार्डनर फॉक्सनं लिहिलेल्या ‘फ्लॅश’च्या 123व्या अंकात नायक बॅरी ॲलन दुसऱ्या पृथ्वीवर पोचला आणि तिथल्या फ्लॅशला भेटला. सुपरहिरोंच्या आजच्या चित्रपटांतली समांतर विश्वं त्या अंकाची वंशज आहेत. तो अंक आणि पंतांची कथा पाठोपाठ वाचा. एकच कल्पना तिकडे रंगीत पोशाखात येते, इकडे बखरीचा आधार घेऊन येते आणि दोन्हीकडे तितकीच शोभते.

नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉयल हेही विज्ञानकथा लिहायचे. 1957 साली त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी आली. दोघांनी मिळून 1964 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. संशोधन करणारा माणूस कथाही लिहू शकतो, हा धडा शिष्यानं गुरूला पाहूनच घेतला असणार. तो धडा पुढे मराठीत रुजला. 1975 च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या वाङ्मयप्रकाराची आवर्जून दखल घेतली, आणि 2021 मध्ये नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद खुद्द नारळीकरांना मिळालं. टोपणनावानं सुरू झालेला प्रवास मराठी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठापर्यंत गेला.

कुठून सुरुवात करावी, असं विचाराल तर इतिहासाची आवड असलेल्यानं पंतांपासून करावी, क्रिकेटवेड्यानं गणपतीपासून, आणि रात्री आकाशाकडे बघत बसणाऱ्यानं कृष्णविवरापासून. पुस्तक पुढे देताना ‘छान आहे, वाच’ एवढंच म्हणू नका. कागदाची पट्टी पिळून दाखवा, पुदिन्याचं पान चुरगाळून नाकाशी धरा, जीपीएसचा हिशेब सांगा. ज्याला कथेतलं खरं किती हे कळतं, तो पुढचं पुस्तक स्वतःहून मागायला येतो.