अंगावरचें कापड आणि शेतांतला कापूस

गेल्या श्रावणांत आम्ही अहमदपुरास मावशीकडे गेलों होतों. दुपारचीं जेवणें आटोपल्यावर मावशी ओसरीवर वाती करावयास बसली. पुढें कापसाचा पुंजका, शेजारीं कुंकवाची वाटी. फुलवाती झाल्या, वस्त्रमाळाही होत आल्या. आम्हीं सहज विचारलें, "हा कापूस आपल्या शेतांतलाच ना?"

मावशी म्हणाली, "नाहीं रे. शेतांत आतां सोयाबीन आहे. हा बाजारांतून आणला. कोणाच्या रानांतला, कसा पिकवलेला, देव जाणे!"

देवाच्या वातीविषयीं जें अज्ञान, तेंच आपल्या अंगावरच्या सदऱ्याविषयीं आणि लुगड्याविषयींही आहे. दुधांत पाणी आहे कीं काय, याची आपण घरोघर चौकशी करतों. वस्त्राचा मात्र केवळ रंग आणि भाव पाहतों. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें.

निजामी अमदानींत नांदेड-परभणीकडील 'गावरानी' कापसास मुंबईच्या बाजारांत स्वतंत्र नांव होतें. हा देशी जातीचा कापूस. त्याचें मूळ खोल जातें, पावसानें ओढ दिली तरी झाड तग धरतें आणि रस शोषणाऱ्या किडींस तें सहसा बळी पडत नाहीं. परंतु देशी जातींचा धागा सामान्यतः आखूड, आणि गिरण्यांस हवा लांब धागा. त्यामुळें अमेरिकन जातीच्या कापसानें हळूहळू शिवार व्यापलें. पुढें नांदेडच्याच संशोधन केंद्रांत निघालेलें 'नांदेड-४४' हें संकरित वाण घरोघर पोंचलें, आणि २००२ सालीं सरकारनें बीटी कापसास परवानगी दिली. संकरित बियाणें दरवर्षीं विकत घ्यावें लागतें. घरचें बीं राखण्याची चाल त्याबरोबर मोडली.

बीटीमुळें आरंभीं बोंडअळीवरील फवारणी कमी झाली, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. पण काहीं वर्षांनीं गुलाबी बोंडअळी त्या विषास सरावली आणि रसशोषक किडींसाठीं फवारे सुरूच राहिले. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मावशीच्या घरींही असाच प्रसंग येऊन गेला होता. ती म्हणाली, "फवारून आलेला आमचा सालगडी रात्रभर ओकत होता. त्याची लहान पोरें दाराशीं बसून होतीं. तो वांचला, पण पुढच्या सालापासून यांनीं कापूस बंद केला."

मग सेंद्रिय कापूस हा उपाय आहे काय? सेंद्रिय म्हणजे रासायनिक खत नाहीं, रासायनिक कीटकनाशक नाहीं आणि जनुक बदललेलें बियाणेंही नाहीं. २००१ सालीं सुरू झालेल्या सरकारी राष्ट्रीय कार्यक्रमानुसार कापसासारख्या हंगामी पिकाचें शेत सामान्यतः दोन वर्षें असें राखल्यावरच तें सेंद्रिय म्हणवितें. या काळांत उत्पन्न बहुधा घटतें आणि सेंद्रिय मालाचा भाव मिळत नाहीं. कर्जांत असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यास हा भार एकट्यानें कसा पेलावा? शिवाय जेथें नफा तेथें लबाडीही येते. ऑक्टोबर २०२० मध्यें भारतांतील सुमारें २०,००० टन कापूस बनावट प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून दाखविल्याचें उघडकीस आलें. तेव्हां नुसत्या चिठ्ठीवर भुलून चालणार नाहीं. जीओटीएस या चिन्हाच्या 'सेंद्रिय' वस्त्रांत किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय असावा लागतो. तें चिन्ह आणि त्याखालील परवाना क्रमांक पाहूनच जादा दाम मोजावे.

आशेची जागा आपल्याच भागांत आहे. परभणीच्या मेहबूब बाग कापूस संशोधन केंद्रानें देशी कापसाच्याच लांब धाग्याच्या जाती सिद्ध केल्या आहेत. त्यांचें बीं शेतकऱ्यास घरीं राखतां येतें. उदगीरास विणलेल्या खादीचे राष्ट्रध्वज नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितींत तयार होतात. पण ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनें पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावरील ध्वजांसही मुभा मिळाली, आणि स्वस्त मालापुढें हातमागाची कसोटी लागली. ध्वजाची जी गत, तीच आपल्या कपाटाची. खनिज तेलापासून झालेलें पॉलिएस्टर मातींत कुजत नाहीं.

मध्यम स्थितींतल्या कुटुंबानें काय करावें? सगळे कपडे सेंद्रिय घ्या, असें सांगणें म्हणजे संसाराचा हिशेब न पाहतां उपदेश करणें होय. पण चार स्वस्त सदऱ्यांऐवजीं दोन चांगले सुती घ्यावे. वर्षाकांठीं एखादें तरी वस्त्र खादीचें असावें. कापड शुद्ध सुती आहे कीं नाहीं याची शंका आल्यास कडेचे दोनचार धागे जाळून पाहावे: सूत कागदासारखें जळून राख होतें, पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गुठळी होते. मिश्र धाग्यांत दोन्हीं खुणा दिसतात. फाटलेलें रफू करावें, विटलेल्या लुगड्याची गोधडी शिवावी. आपल्या आज्यांनीं हें काटकसर म्हणून केलें. जें वस्त्र अधिक दिवस टिकलें, त्यानें एका नव्या वस्त्राचा कापूस, पाणी आणि फवारा वांचविला, हाही त्याचा अर्थ आहे.

निघतांना मावशीनें परसांतलें देवकापसाचें रोप दाखविलें. "पुढच्या श्रावणाच्या वाती याच्याच करीन," ती म्हणाली. त्या झाडानें घरांतल्या कोणाचें अंग झांकणार नाहीं, हें तिलाही ठाऊक आहे. पण तिच्या देवापुढचा कापूस कोणाच्या हातचा, हें तिला सांगतां येईल. आमच्या अंगावरच्या सदऱ्याविषयीं तेवढें उत्तर अद्याप आम्हांजवळ नाहीं. पुढच्या खरेदीस दुकानाची पायरी चढतांना तो प्रश्न मात्र आम्ही बरोबर नेणार आहों, वाचकांनींही न्यावा.