दात न पाहता बैल घेणारे गिऱ्हाईक

बैलबाजारात ज्याने एकदा तरी बैल विकला असेल त्याला खरे गिऱ्हाईक कसे असते हे सांगावे लागत नाही. ते आधी बैलाभोवती फिरते, जबडा उघडून दात मोजते, चार पावले चालवून पाहते, नसलेली खोड काढते आणि मग रुमालाखाली हात घालून किंमत पाडते. इसार दिला जातो आणि त्यानंतरच दावे हातात जाते. आता समजा, एखादा माणूस बाजाराबाहेर उभा राहूनच म्हणाला, “बैल मला पसंत आहे, तुम्ही म्हणाल ती किंमत कबूल. फक्त तुमची पैशाची पिशवी जरा माझ्याकडे द्या, तीत पैसे टाकून परत करतो.” अशा माणसाला आपण बाजारात उभे करणार नाही. परंतु मोबाईलवर नेमके हेच गिऱ्हाईक येते आणि आपली शिकलेली मुले त्याच्या हाती पिशवी देऊन मोकळी होतात. प्रस्तुत लेख या गिऱ्हाइकाविषयी आहे.

ओएलएक्स, क्विकर, फेसबुक मार्केटप्लेस अशा ठिकाणी जुनी वस्तू विकण्याची सोय आता खेड्यापाड्यांत पोहोचली आहे. मोटारसायकल, शिलाई मशीन, म्हैस, कपाट, स्पर्धा परीक्षेची पुस्तके, सर्व काही तेथे विकले जाते. सोय चांगली आहे, ती वापरूच नये असे माझे मत नाही. मात्र बँकेच्या काउंटरवर बसल्यावर या सोयीची दुसरी बाजूही दिसते.

आपल्या मालेगावातील एका घरची हकीकत त्यांच्या संमतीने, नाव न देता, येथे सांगतो. वडील वारलेले. मुलगा एमपीएससीचा अभ्यास करणारा. क्लासची फी भरण्यासाठी त्याने वडिलांची मोटारसायकल २८,००० रुपयांना जाहिरातीत टाकली. पाव तासाच्या आत फोन आला. बोलणारा हिंदीत बोलत होता. म्हणाला, मी फौजी आहे, माझी बदली मालेगाव कॅम्पला झाली आहे, गाडी फोटोतच पसंत पडली, किमतीचे काही बोलायचे नाही, संध्याकाळी आमच्या ट्रान्सपोर्टची गाडी येऊन घेऊन जाईल. मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्राचा आणि कॅन्टीन कार्डाचा फोटो आला.

येथेच एक धागा हाती लागण्यासारखा होता. मालेगाव कॅम्प हा भाग नाशिक जिल्ह्यातील मालेगावात आहे, आणि आपल्या वाशिम जिल्ह्यातील मालेगावात लष्कराची छावणी नाही. त्या भामट्याने गावाचे नाव इंटरनेटवर शोधले आणि भलतेच मालेगाव उचलले. मुलाच्या ते लक्षात आले नाही, कारण त्याचे चुलते महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले. बाबासाहेबांच्या प्रयत्नांतून १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटचा एखादा तरी जवान आपल्या वस्त्यावस्त्यांतून सापडतो. ‘फौजी’ म्हटले की आपल्या घरात खुर्ची पुढे केली जाते. भामटे फौजीचे सोंग घेतात ते याच विश्वासासाठी, आणि त्यात त्यांचा दुसराही फायदा असतो. स्वतः येऊन वस्तू का पाहत नाही, या प्रश्नाला ‘ड्युटी’ हे तयार उत्तर मिळते. ओळखपत्राचा फोटो कित्येकदा खऱ्या जवानाचाच असतो, आधी केव्हातरी त्यालाच फसवून मिळवलेला. तेव्हा कार्ड खरे म्हणून माणूस खरा ठरत नाही. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की, केवळ सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नका, ती स्वतः तपासून पाहा. गणवेशाच्या फोटोलाही तोच नियम लावण्यास हरकत नाही.

पुढे त्या ‘फौजी’ने सांगितले की, सैन्याच्या खात्यातून पैसे येण्याची पद्धत वेगळी आहे, आधी एक रुपया पाठवून खाते जोडून घ्या. मुलाने एक रुपया पाठवला. लगेच दोन रुपये परत आले, खरोखर आले. मग १४,००० रुपयांचा एक क्यूआर कोड आला. “इसको स्कॅन करो, पिन डालो, आधा पैसा आ जायेगा.” मुलाने तसे केले आणि खात्यातून १४,००० गेले. तो घाबरला. समोरचा शांतपणे म्हणाला, “गलती हो गयी, रिफंड भेजता हूँ,” आणि आणखी एक कोड पाठवला. तेही १४,००० गेले. तिसऱ्या वेळी ९,५००. एकूण ३७,५०० रुपये. खाते आईचे होते आणि त्यात बचत गटातून उचललेले कर्ज होते. फोन मात्र शेवटपर्यंत तोडू दिला नाही. हीही एक खूणच आहे. शेजारच्याला विचारायला दोन मिनिटे मिळाली असती तर बहुधा पहिल्याच कोडला गाडी थांबली असती.

माउली पासबुक घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, पोरानं तं पैसे घ्याले बटन दाबलं होतं, मंग गेले कसे?”

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. माझ्या समजुतीप्रमाणे सगळी फसवणूक याच प्रश्नात आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो. बँकेत दोन प्रकारच्या स्लिपा असतात. एक भरण्याची, दुसरी काढण्याची. तुमच्या खात्यात पैसे भरायला कोणीही येऊ शकतो. त्याला तुमचा खाते क्रमांक पुरतो, तुमची सही लागत नाही, तुम्ही घरी झोपलेले असलात तरी चालते. काढायचे असतील तर मात्र तुमची सही किंवा अंगठा हवाच. एप्रिल २०१६ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय सुरू केले, तेव्हा याच व्यवस्थेला मोबाईलचे रूप मिळाले. यूपीआय पिन म्हणजे तुमचा अंगठा. समोरच्याने पाठवलेला कोड म्हणजे त्याने भरून आणलेली पैसे काढण्याची स्लिप. त्यावर रक्कम त्याने लिहिली, घेणाऱ्याचे नावही त्याने लिहिले. आपण स्कॅन केले म्हणजे ती स्लिप हातात घेतली आणि पिन टाकला म्हणजे तिच्यावर अंगठा उठवला. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठे दिले आणि त्यापायी जमिनी गेल्या, हे आपण घरात ऐकले आहे. त्यांना वाचता येत नव्हते. पिन टाकण्याच्या पानावर मात्र किती रुपये कोणाला जात आहेत हे लिहिलेले असते. समोरचा फोनवर सारखा बोलत राहतो तो आपण ते वाचू नये म्हणून.

पूर्वी ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ नावाचा प्रकारही होता. कोणीही तुमच्याकडे पैशाची मागणी पाठवायची आणि तुम्ही ‘मंजूर’ म्हटले की पैसे जायचे. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी करण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. एक दार लागले एवढेच. कोड आणि लिंक यांची दारे उघडीच आहेत.

या खोट्या गिऱ्हाइकाच्या आणखी काही तऱ्हा आहेत. एक जण २,००० ऐवजी चुकून २०,००० गेले म्हणतो, तसा मेसेजही दाखवतो आणि वरचे १८,००० परत मागतो. तो मेसेज साध्या दहा आकडी नंबरावरून आलेला असतो, म्हणजे त्यानेच टाइप केलेला असतो. एक जण प्रत्यक्ष दारात येतो, वस्तू घेतो आणि मोबाईलवर हिरवी खूण दाखवून निघून जातो. ते अ‍ॅपच बनावट असते. एखादा मदतीचे अ‍ॅप उतरवून घ्यायला लावतो. त्यातून तुमच्या मोबाईलचा पडदा त्याला दिसतो. प्रसिद्ध क्रिकेटपटू विनोद कांबळी यांचे डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे १ लाख १४ हजार रुपये असेच अ‍ॅप उतरवल्यामुळे गेले होते. तेथे निमित्त विक्रीचे नसून केवायसीचे होते, युक्ती तीच. त्यांनी लगोलग तक्रार केल्याने रक्कम परत फिरवता आली.

हे धंदे करणारे कोण, असे विद्यार्थी विचारतात. एप्रिल २०२३ अखेर हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातील १४ गावांवर एकाच रात्री छापे घातले. देशभरातील सुमारे २८,००० लोकांना जवळपास १०० कोटी रुपयांना फसवल्याचे पोलिसांनी नंतर सांगितले. त्यांच्या पद्धतींत जुन्या वस्तूंच्या खोट्या जाहिराती होत्या. यावरून त्या भागातील सर्वांना चोर ठरवणे मात्र चुकीचे आहे. अख्ख्या समाजावर शिक्का मारला गेला की काय होते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट, जी त्या मुलाकडून राहिली. तो बँकेत चौथ्या दिवशी आला. तीन दिवस त्याने आईलाही सांगितले नव्हते. “लोक म्हणतील, एमपीएससी करतो आणि एवढं कळत नाही?” फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या मुलीने जुना सोफा विकायला काढला होता. ती आयआयटीत शिकलेली. तिच्याही खात्यात आधी थोडे पैसे टाकून विश्वास कमावला गेला, मग क्यूआर कोड आला आणि दोन वेळा मिळून ३४,००० रुपये गेले. तिने पोलिसांत तक्रार केली आणि आरोपी पकडले गेले. तेव्हा लाज बाळगण्याचे कारण नाही, आणि लाजेला येथे किंमत मोजावी लागते.

ती अशी. गेलेला पैसा एका खात्यात थांबत नाही. तो तासाभरात दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरतो आणि एटीएममधून बाहेर पडतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२१ मध्ये यासाठी हेल्पलाइन सुरू केली, तिचा आजचा क्रमांक १९३० आहे. तेथे फोन केला की माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसा ज्या खात्यात असेल तेथे तो रोखून धरता येतो. फोन करताना रक्कम, वेळ, आपली बँक आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवावा. तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवावी आणि आपल्या बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाने स्वतःच्या चुकीने पिनसारखी गोष्ट दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून पोच हवीच. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड यांचा उल्लेख करता येतो. ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आपल्या मुलाच्या प्रकरणात ३७,५०० पैकी शेवटच्या खात्यात १,१४० रुपये उरलेले सापडले. तेवढेच रोखले गेले.

ती मधली खाती कोणाची असतात, हेही विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. पुष्कळदा ती विद्यार्थ्यांचीच असतात. “तुझ्या खात्यात माझे पैसे येतील, काढून दे, हजार रुपये तुला,” असे कोणी म्हणतो, आणि मुलगा एटीएम कार्ड देऊन बसतो. पुढे पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत हे प्रकरण आडवे येते. आपल्या पंचशीलातले दुसरे शील न दिलेले न घेण्याचे आहे, आणि आपल्या खात्यातून चोरीचा पैसा जाऊ देणे त्यात मोडते असे मला वाटते. विकणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. गिऱ्हाईक एक आणि पैसे भलत्याच नावाच्या खात्यातून आले, तर तो पैसा चोरीचा असू शकतो आणि मग आपलेच खाते गोठवले जाते.

वस्तू विकायचीच असेल तर गिऱ्हाइकाला दिवसाढवळ्या चार माणसांत बोलवावे. बँकेचे आवार त्यासाठी उत्तम. पैसे आल्याचा मेसेज पाहून समाधान मानू नये, स्वतःच्या अ‍ॅपमधील शिल्लक पाहावी किंवा पासबुक भरून घ्यावे. आपल्या आधार कार्डाचा फोटो अनोळखी माणसाला पाठवू नये. मोटारसायकल असेल तर नमुना २९ व ३० वर सह्या करून, तारीख आणि वेळ घातलेली ताबा पावती घ्यावी आणि चौदा दिवसांत आरटीओला कळवावे. नाहीतर उद्या त्या गाडीचा अपघात झाला तर नोटीस आपल्या नावे येते.

ती मोटारसायकल पुढे महिनाभराने विकली गेली. मेडशीकडचे एक गृहस्थ मेहुण्याला घेऊन आले. त्यांनी किक मारून पाहिली, टायर दाबले, धूर काळा येतो म्हणून नाक मुरडले, एकदा उठून चालू लागले आणि परत आले. दीड तासाने २४,५०० वर सौदा तुटला. मुलाने पैसे मोजले आणि आईने ते पुन्हा मोजले.