पाळ्या, मे महिना आणि पाळणाघराची फी

४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टी रात्रीही विझवता येत नाही, म्हणून अख्खं गाव तीन पाळ्यांत वाटलं गेलं: सकाळी सहा ते दोन, दोन ते रात्री दहा, दहा ते पुन्हा सहा. सेक्टरांमधल्या क्वार्टर्समध्ये ज्या बायकांनी पुढे पैसे घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांची मुलं सांभाळली, त्यांच्या धंद्याच्या अटी या तक्त्याने ठरवल्या. बायकांना ते कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

नागपूर-वर्ध्याकडून, अमरावती-भंडाऱ्याकडून आलेल्या कुटुंबांची आजी बहुधा गावीच राहिलेली. बापाला पाळ्या. १९४८च्या कारखाना कायद्यामुळे बायकांना साधारणपणे संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम देता येत नसे, त्यामुळे नोकरी करणारी आई शाळेत, ऑफिसात किंवा सेक्टर ९च्या हॉस्पिटलात. तिथल्या नर्सला रात्रपाळी होतीच. आता हिशेब बघा. बाप सेकंड शिफ्टला असला की सकाळभर घरी, मूल त्याच्याजवळ. फर्स्ट शिफ्टला असला की दोनच्या सुमाराला येऊन घेऊन जाणार. पण नाइट करून आलेला बाप दिवसा झोपतो, आणि दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये रडकं मूल आणि झोपलेला बाप एकत्र नांदत नाहीत. त्या आठवड्यात मूल दिवसभर पाळणाघरवाल्या काकूंकडे. मग महिन्याचे किती द्यायचे?

‘जेवढे दिवस आला, तेवढ्याचे घ्या ना काकू,’ हे पालकांचं पहिलं म्हणणं. ऐकायला रास्त वाटतं आणि काकूंनी वर्षानुवर्षं ते मान्यही केलं. पण ज्या आठवड्यात मूल येत नाही, त्या आठवड्यात त्याची जागा दुसऱ्याला देता येत नाही, कारण पुढच्या सोमवारी ते हजर होणार. मदतीच्या बाईचा पगार आठवड्यागणिक कमी होत नाही. दूधवाला रतीब मोडू देत नाही. पालक हजेरीचे पैसे देत होते आणि काकू जागा राखून ठेवत होत्या. या दोन्हींतली तूट काकूंच्या घरखर्चातून भरून निघत होती. घरी नवऱ्याचा कारखान्यातला पगार येतो, म्हणजे बाईला काय कमी, असं पालकांनाही वाटायचं आणि नवऱ्यालाही.

खरी ओढाताण मे महिन्यात. शाळांना सुट्टी लागली की शिक्षिका आया मुलांना घेऊन दुर्गहून नागपूरची गाडी पकडणार ते जूनमध्येच परतणार. सुट्टीतला त्या आयांचा पगार चालू, काकूंची मिळकत बंद. वर पंधरा जूनला तीच जागा, तोच कोपरा हवा. काही जणींनी अर्ध्या फीची अट घातली ती याच महिन्यापायी. ‘जागा राखायचे अर्धे’ हे एकदा तोंडातून निघालं की मग बाकीच्या अटींनाही वाट झाली. फी महिनाअखेरीला न घेता आगाऊ घ्यायची. मूल काढायचं असेल तर महिनाभर आधी सांगायचं. ताप असेल तर आणायचं नाही, पण त्या दिवसांची वजावटही नाही. १८७२च्या करार कायद्याला तोंडी करारही चालतो. पण तीन-चारशे रुपयांसाठी दुर्गच्या कोर्टाची पायरी कोण चढणार? आगाऊ हातात आलेला महिना, एवढंच काय ते संरक्षण. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईची सरकारदरबारी नोंद असते, आणि एका वेळी आठ वर्षांखालची सहाच मुलं, त्यातली पाचाखालची साधारणपणे तीनच, असा नियम असतो. आपल्याकडे घरगुती पाळणाघराला असं कुणी विचारत नाही. त्यामुळे किती मुलं घ्यायची हेही काकूंनीच ठरवायचं, आणि फी कमी ठेवली की तो आकडा आपोआप वाढतो.

मराठी पालकांशी हे बोलणं सगळ्यात अवघड गेलं असावं असा माझा अंदाज आहे. गणपतीत, हळदीकुंकवाला भेटणारी माणसं. तेलुगू, बंगाली, मल्याळी, छत्तीसगढी पालकांशी हिंदीत बोलताना रक्कम तोंडातून सहज निघायची. शिवाय कुणाचं मूल सकाळी काय खातं, भात किती मऊ लागतो, हे तिथे गृहीत धरता येत नव्हतं. डबा कुणाचा हे विचारावंच लागे, आणि डब्याचं विचारलं की पैशाचंही विचारता येई.

सरकारने या कामाची किंमत काय धरली, हेही बघण्यासारखं आहे. २०१७च्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पालकांकडून घ्यायचं मासिक शुल्क दारिद्र्यरेषेखालच्या घरांना २० रुपये, १२ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १०० आणि त्यावरच्यांना २०० रुपये असं होतं. गरिबाच्या मुलासाठी ते हवंच. पण तोच आकडा घरगुती पाळणाघराच्या दारात घासाघीस करताना कानावर आला की काकूंना अनुदान कोण देतं, हा प्रश्न कुणी काढत नाही.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि ग्राहकच बदलले. कारखान्यातली पक्की नोकरी आटत गेली होती. आता आई-बाप दोघं रायपूरला ये-जा करणारे, कुणी खासगी कंपनीत, कुणी कोचिंग क्लासमध्ये. पाळ्या गेल्या, पण वेळ लांबली. रायपूरच्या वाटेवर कुम्हारीला गाड्या अडकल्या की सहाचे सात होतात, सातचे साडेसात. उशिराचे वेगळे पैसे ही अट इथून आली. मला ती फीवाढीपेक्षा शहाणपणाची वाटते, कारण भाव वाढवला तर वेळेवर येणाऱ्यालाही त्याचा भुर्दंड बसतो.

मग मार्च २०२०. टाळेबंदीत मुलं घरी, आई-बापही घरी. आगाऊ दिलेल्या महिन्याचं काय, आणि पुढे जागा राखायचे अर्धे कुठवर, याला कुठल्याच जुन्या अटीत उत्तर नव्हतं. कुणी फी पुढे वळती करून घेतली, कुणी पाळणाघरच बंद केलं. नव्याने सुरू करणाऱ्यांनी व्हॉट्सॲपवर हिंदीत अटी लिहून पाठवायला सुरुवात केली: वेळ, उशिराचा दर, दहा तारखेपर्यंत फी, एक महिन्याची नोटीस, गाव बंद पडलं तर काय. पालक अंगठा उमटवून ‘ओके’ म्हणतात. दोघांच्याही फोनमध्ये तारखेसकट पुरावा राहतो.

या यादीत पालकांच्या रजेचं सगळं असतं. काकू स्वतः आजारी पडल्या, किंवा मुलीच्या बाळंतपणाला आठवडाभर नागपूरला गेल्या, तर त्या दिवसांची फी कापायची की नाही, ही ओळ मात्र सहसा नसते. न लिहिताच ती कापली जाते, आणि बऱ्याचदा कापून घ्या म्हणणाऱ्या काकूच असतात.