स्वप्न कुठलं, जाग कुठली?

लॉस एंजेलिसच्या आसपास राहणाऱ्या आपल्या बहुतेक मंडळींनी मलहॉलंड ड्राइव्ह हा रस्ता पाहिलेला असतो. भारतातून आईवडील आले, की एका संध्याकाळी त्यांना वर नेऊन शहराचे दिवे दाखवायचे, हा आपला ठरलेला कार्यक्रम. डोंगराच्या धारेवरून वळणं घेत जाणारा हा रस्ता १९२४ साली खुला झाला, आणि त्याला नाव मिळालं विल्यम मलहॉलंड ह्या इंजिनियरचं. (दोनशेहून अधिक मैलांवरून ह्या शहराला पाणी आणणारा हा गृहस्थ इंजिनियरिंग स्वतःच शिकला होता, आणि १९२८ साली त्याने बांधलेलं सेंट फ्रान्सिस धरण फुटून चारशेहून अधिक माणसं गेली, तिथे त्याची कारकीर्द संपली. आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने वाचावी अशी ती हकिगत आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

ह्याच रस्त्याच्या नावाचा डेव्हिड लिंचचा चित्रपट २००१ साली आला. कान महोत्सवात लिंचला उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक जोएल कोएनबरोबर विभागून मिळालं. २०१६ मध्ये बीबीसीने जगभरच्या समीक्षकांना एकविसाव्या शतकातले सर्वोत्तम चित्रपट विचारले, तेव्हा पहिला क्रमांक ह्याचाच आला. आणि तरीही, ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना सहज विचारून बघा. निम्मे लोक "डोक्यावरून गेला" म्हणतील आणि उरलेले निम्मे तुम्हाला कोपऱ्यात गाठून तासभर अर्थ समजावून सांगतील. मला ह्या दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांविषयी कुतूहल आहे.

जानेवारी २०२५ मध्ये लिंच गेला. बरबँकच्या ज्या 'बॉब्ज बिग बॉय' हॉटेलात तो कित्येक वर्षं रोज मिल्कशेक प्यायला जायचा, त्याच्या दारात लोकांनी फुलं ठेवली. त्यानंतर आमच्या दहा-बारा घरांच्या सिनेमा-मंडळाने हा चित्रपट एकत्र पाहायचं ठरवलं. साबुदाण्याची खिचडी, ताक आणि चौदा प्रेक्षक. पुढे जे लिहितो आहे त्यात कथा उघड होणार आहे. ज्यांना कोरी पाटी ठेवून पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबावं.

कथा थोडक्यात अशी. मलहॉलंड ड्राइव्हवर रात्री मोटारीचा अपघात होतो. त्यातून वाचलेली एक काळ्या केसांची बाई स्मृती हरवून एका रिकाम्या घरात शिरते. त्या घरात कॅनडाहून आलेली बेटी नावाची हसरी, उत्साही मुलगी उतरते. तिला नटी व्हायचं आहे. स्मृती गेलेली बाई भिंतीवरच्या रिटा हेवर्थच्या पोस्टरवरून स्वतःचं नाव 'रिटा' सांगते, आणि दोघी मिळून तिची ओळख शोधू लागतात. मधेच एका दिग्दर्शकाला काही गुंड धमकावतात, की अमुकच मुलीला नायिका घे. जवळजवळ दोन तास हे चालतं. मग एक निळी पेटी उघडते, कॅमेरा तिच्या आत शिरतो, आणि सगळं उलटंपालटं. बेटीचं काम करणारी नेओमी वॉट्स आता डायान नावाची विटलेली, अपयशी नटी आहे. रिटाचं काम करणारी लॉरा हॅरिंग आता कॅमिला नावाची यशस्वी तारका आहे. कॅमिला ही डायानची प्रेयसी, पण ती आता त्या दिग्दर्शकाशी लग्न करायला निघाली आहे. डायान मारेकऱ्याला पैसे देते. काम फत्ते झाल्याची खूण म्हणून निळी किल्ली येते, आणि शेवटी डायान स्वतःवर गोळी झाडते.

दिवे लागले तेव्हा आमच्याकडे मिनिटभर कुणी बोललं नाही. मग वित्तक्षेत्रातले आमचे एक स्नेही उसळून म्हणाले, "ही शुद्ध फसवणूक आहे. दिग्दर्शकालाच काय ते माहीत नाही, आणि आपण अडीच तास घालवून अर्थ शोधत बसायचं!" दुसऱ्या एकाने सुरुवातीपासून कागदावर बाण आणि चौकोन काढले होते. तो कागद सगळ्यांनी ओढून ओढून पाहिला. नातवंडांना भेटायला आलेल्या एक चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकू शांतपणे म्हणाल्या, "एवढं काय आहे त्यात? मनी वसे ते स्वप्नी दिसे. पहिलं तिचं स्वप्न, नंतरचं खरं."

काकूंनी एका म्हणीत जे सांगितलं तेच आज सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण आहे. फ्रॉइडने १९००च्या सुमारास स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती असं मांडलं, ते ह्याहून फार निराळं नव्हतं. डायानने जिला मारवलं ती स्वप्नात जिवंत आहे, आणि नुसती जिवंत नव्हे, तर स्मृतिहीन आणि पूर्णपणे हिच्यावर अवलंबून. जागेपणी हिला भूमिका मिळत नाहीत. स्वप्नात हिच्या चाचणीने स्टुडिओतले लोक थक्क होतात. कॅमिलाला भूमिका मिळाली ती गुणांमुळे नव्हे, गुंडांमुळे. आणि ज्याने प्रेयसी पळवली त्या दिग्दर्शकाची स्वप्नात पुरती शोभा होते. बायको घरात परपुरुषाबरोबर सापडते, वर हाच मार खाऊन बाहेर पडतो!

मग इतका सरळ अर्थ असताना शहाणीसुरती माणसं गोंधळतात का? मला वाटतं, चित्रपट पाहण्याच्या आपल्या ज्या सवयी आहेत त्यांनाच लिंच हात घालतो. आपण 'आवारा' (१९५१) पाहून वाढलेले लोक. स्वप्न आलं की ढग येतात, धूर येतो, हे आपल्याला पाठ. इथे धूर नाही. सुरुवातीला कॅमेरा जड श्वासांच्या आवाजात एका लाल उशीवर टेकतो, एवढीच काय ती खूण, आणि त्या वेळी आपण खिचडीत शेंगदाणे शोधत असतो. त्याहून मोठी गंमत रचनेत आहे. ह्यातलं स्वप्न बहुतांशी सरळ पुढे सरकतं, सकाळनंतर दुपार येते. आणि जागेपणीचा भाग मात्र मागेपुढे उड्या मारतो, कारण तो आठवणींनी पोखरलेला आहे. सुसूत्र ते खरं आणि विस्कळीत ते स्वप्न, हे आपलं गणित. तेच इथे उलटं मांडलेलं आहे. झोपेच्या अभ्यासकांचं म्हणणंही असंच आहे, की स्वप्न पडत असताना तर्क तपासणारा मेंदूचा पुढचा भाग मंदावलेला असतो, म्हणून विसंगती आपल्याला खटकत नाही. पहिले दोन तास आपणही तसेच बिनतक्रार बसलेले असतो.

आणि तिसरं कारण माझ्या धंद्यातलं आहे. प्रोग्रॅममध्ये नाव वेगळं आणि ते नाव ज्याच्याकडे बोट दाखवतं ती वस्तू वेगळी. एकच नाव आज ह्या वस्तूला, उद्या त्या वस्तूला लावता येतं. नवशिक्या प्रोग्रॅमरला हे पचायला महिना लागतो. सिनेमात मात्र चेहरा, नाव आणि माणूस हे तिन्ही एकमेकांना कायमचे चिकटलेले असतात असं आपण धरून चालतो. लिंच ते सोडवतो. स्वप्नात 'कॅमिला' हे नाव एका भलत्याच मुलीला आहे. 'डायान' हे नाव हॉटेलातल्या वेट्रेसच्या बिल्ल्यावर आहे, आणि जागेपणी त्याच वेट्रेसच्या बिल्ल्यावर 'बेटी' लिहिलेलं असतं. एकदा हे ध्यानात आलं, की अर्धा गुंता सुटतो.

उरलेल्या अर्ध्याचं कारण चित्रपटाच्या जन्मकथेत सापडतं, आणि ही कथा पुष्कळांना ठाऊक नसते. 'मलहॉलंड ड्राइव्ह' मुळात चित्रपट नव्हताच. १९९९ साली एबीसी वाहिनीसाठी बनवलेला तो मालिकेचा पहिला भाग होता. वाहिनीने तो नाकारला. नंतर फ्रान्सच्या कॅनाल प्लुसने पैसे दिले आणि लिंचने २००० साली आणखी चित्रीकरण करून त्याचा चित्रपट केला. आता मालिकेच्या पहिल्या भागाचं काम काय असतं? जितके धागे उघडे ठेवता येतील तितके ठेवायचे. म्हणूनच सुरुवातीला रॉबर्ट फॉर्स्टरसारखा कसलेला नट गुप्तहेर म्हणून येतो, दोन वाक्यं बोलतो आणि पुन्हा कधी दिसत नाही. आम्ही ह्याला जुना कोड म्हणतो. कुणीतरी कधीतरी पुढच्या बेताने लिहिलेला, आता कुणीच न वापरणारा, पण काढायची कुणाची हिंमत नसलेला. एवढ्या सुट्या धाग्यांना कवेत घेणारा शेवट सुचणं सोपं नव्हतं. लिंच १९७३ पासून महर्षी महेश योगींच्या पद्धतीचं ध्यान करीत असे. हा शेवट आपल्याला ध्यानाला बसलो असतानाच सुचला, असं तो सांगायचा.

आमच्या वित्तवाल्या स्नेह्यांचा आक्षेप इथे पुन्हा उभा राहिला, आणि तो चुटकीसरशी उडवून लावण्याजोगा नाही. "म्हणजे मालिका फसली, आणि 'हे सगळं स्वप्न होतं' असं म्हणून ह्याने हात झटकले!" इंजिनियरच्या भाषेत सांगायचं, तर समीकरणात पुरेशी पदं घातली की कुठल्याही बिंदूंमधून वक्ररेषा नेता येते, पण तिला काडीची किंमत नसते, कारण पुढचा बिंदू कुठे पडेल हे ती सांगू शकत नाही. 'स्वप्न' हे तसंच सोयीचं पद आहे. ते घातलं की काहीही बसतं.

म्हणून कसोटी अशी लावावी, की ह्या स्पष्टीकरणामुळे आधी न दिसलेलं काही दिसतं का? दुसऱ्यांदा पाहताना दिसतं, आणि चांगलं ढळढळीत दिसतं. डायान मारेकऱ्याला पैसे देते तेव्हा क्षणभर तिची नजर हॉटेलच्या काउंटरशी उभ्या असलेल्या एका माणसावर जाते. हाच माणूस स्वप्नात त्याच हॉटेलात बसून आपल्याला पडलेलं भयंकर स्वप्न सांगत असतो. पार्टीत जी बाई दिग्दर्शकाची आई आहे, तीच स्वप्नात बेटीची घरमालकीण. पार्टीत पलीकडे बसलेला एक अनोळखी पुरुष स्वप्नात गुंड होऊन आलेला आहे. आणि सुरुवातीच्या मोटारीत रिटा जे वाक्य बोलते, इथे का थांबलात अशा अर्थाचं, तेच शब्द नंतर त्याच रस्त्यावर डायानच्या तोंडी आहेत. ही स्वप्नाची कच्ची सामग्री आहे, दिवसभरात डोळ्यांवरून गेलेले चेहरे. कागदावर बाण काढणाऱ्या मित्राचा हर्ष इथे गगनात मावेना.

तुलनेसाठी नोलनचा 'इन्सेप्शन' (२०१०) घ्या. तोही स्वप्न-सत्याच्या सरमिसळीचा, पण तिथे पात्रंच आपल्याला नियमावली वाचून दाखवतात. किती थर, वेळ कशी ताणते, भोवरा कशासाठी. शेवटी भोवरा पडायच्या आत पडदा काळा होतो आणि थिएटरभर "अरेऽऽ" होतं. तो गोंधळ लोकांना आवडला, कारण खेळाचे नियम हातात होते. लिंच नियमावली देत नाही. डीव्हीडी आली तेव्हा तिच्यात दहा सूचनांचा एक कागद होता. लाल लॅम्पशेडकडे लक्ष द्या, झगा, ॲशट्रे आणि कॉफीचा कप पाहा, असल्या सूचना. त्या वाचून माझा तरी गोंधळ वाढलाच.

पण कोडं सोडवण्याच्या भरात एक गोष्ट राहून जाते. मध्यरात्री दोघी 'सिलेन्सिओ' नावाच्या नाट्यगृहात जातात. मंचावरचा माणूस बजावून सांगतो, की इथे वाद्यवृंद नाही, सगळं ध्वनिमुद्रित आहे. मग एक गायिका येते आणि रॉय ऑर्बिसनचं गाणं स्पॅनिशमध्ये, साथीशिवाय गाते. पडद्यावरच्या दोघी रडतात. मधेच गायिका कोसळते, आणि गाणं चालूच राहतं. आपल्याला आधीच सांगितलेलं असतं, तरी धक्का बसतो आणि तरीही गळा दाटतो. आमच्या खोलीत त्या वेळी चष्मे पुसणाऱ्यांत आक्षेपवाले स्नेही होते, हे मी स्वतः पाहिलं.

त्या संध्याकाळी एक जण मात्र चर्चेत अजिबात पडली नाही. ती पुण्याला दंतवैद्य होती. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली आणि सात वर्षं तिला काम करता आलं नाही. भांडी आवरताना मी तिला विचारलं, तुला कितपत कळला? ती म्हणाली, "मला त्यात गोंधळाचं काही वाटलंच नाही. दर रविवारी मी आईला फोनवर जे सांगायचे ना, इथली हवा, घर, माझे क्लास, मैत्रिणी, ते सगळं तसंच असायचं. अगदी ओळीने, छान. खोटं म्हणून नाही सांगायचे मी. सांगताना मलाही खरं वाटायचं. फोन ठेवला की मग बाकीचं." थोड्या वेळाने म्हणाली, "ती विमानतळावर उतरते तेव्हाचा तिचा चेहरा बघितलास? इतकं हसतं का कुणी?"

मी हा चित्रपट पीएच.डी. करताना प्रथम पाहिला, नंतर चार-पाच वेळा. बेटीचं ते हसू मी आजवर स्वप्नाची आणखी एक खूण म्हणून कागदावर टिपत आलो होतो.

हॉटेलमागच्या त्या काळ्याकुट्ट माणसाचं काय, हा प्रश्न मात्र आमच्याकडे अजून सुटलेला नाही. काकूंचं मत, ते डायानचं पाप. मला ते पटत नाही, कारण तो प्रसंग घडतो तेव्हा तिथे ना बेटी असते ना रिटा, आणि जागेपणीच्या भागातही निळी पेटी त्याच्याच हातात दिसते. लिंचने अखेरपर्यंत खुलासा केला नाही. ज्यांना आपलं मत बनवायचं असेल त्यांनी डिस्क माझ्याकडून न्यावी. फक्त दोन तास सत्तावीस मिनिटं सलग मोकळी ठेवा. ह्या डीव्हीडीवर प्रकरणांच्या खुणाच नाहीत, त्यामुळे उडी मारून हवा तो प्रसंग काढता येत नाही.